छत्तीस मतांचा मासळीवाला

कुमासीत, बंटामाच्या चौकात, ओपानिन न्साफोआंचं गोठवलेल्या मासळीचं दुकान आहे. त्यांच्या फ्रीजरांचा गारठा असा, की समोर फुटपाथवर भाजलेली केळी विकणारी बाई भर दुपारी स्वेटर घालून बसते आणि तिची शेगडी दिवसातून दोनदा विझते. शेगडी वाऱ्याने विझते असं काही जण म्हणतात. म्हणू देत बापडे.

या फ्रीजरांच्या वर, भिंतीला ठोकलेल्या फळीवर, तीन काळे कॉम्प्युटर असत. डाव्या अंगाला गोठवलेल्या कोंबड्यांची रिकामी खोकी, उजव्या अंगाला वजनकाटा आणि मधे हे तिघे, हिरवे दिवे लुकलुकवत. गिऱ्हाइकांना वाटे, फ्रीजर यांच्यावरच चालतात. ओपानिनांनी तो गैरसमज कधी दूर केला नाही.

खरी गोष्ट अशी होती. क्रिप्टोच्या नाण्यांचं जे सॉफ्टवेअर असतं, त्यात काही नवं घालायचं झालं तर ते आधी खोट्या नाण्यांच्या जाळ्यावर चालवून बघतात. नाणी तेवढी खोटी. मशीनं, माणसं आणि भांडणं खरी. अशा जाळ्याला टेस्टनेट म्हणतात. कुमासीच्या टेस्टनेटचं नाव होतं केजेटिया, बाजाराच्या नावावरून. ते सांभाळण्याचं काम पोकुआकडे होतं. अडूम पेठेत, अंत्यविधीचं कापड विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस. हाताखाली पाच माणसं. आणि शहरभर विखुरलेले चाळीसेक लोक आपापल्या घरी, दुकानी, गॅरेजात मशीन लावून बसलेले. जाळ्यात दर थोड्या सेकंदांनी व्यवहारांचं एक पान लिहिलं जाई, आणि शंभरातल्या सदुसष्ट मतांनी "हो" म्हटलं की त्या पानावर कायमचा शिक्का बसे.

या शंभरातली छत्तीस मतं एकट्या ओपानिन न्साफोआंकडे होती. कशी, ते विचाराल तर चूक पोकुआची. जाळं नवीन होतं तेव्हा वीज सारखी जाई. डमसोर म्हणतात तो विजेचा लपंडाव सुरू झाला की सगळ्यांची मशीनं माना टाकत आणि ओपानिनांची मात्र चालू राहत, कारण त्यांना मासळी राखायची होती आणि त्यांचा जनरेटर असा धडधडे, की पुढच्या गल्लीतल्या बायका त्याच्या ठेक्यावर फुफूसाठी कंद कांडत. म्हणून दर वीजकपातीनंतर पोकुआ त्यांची दोन-दोन मतं वाढवत गेली. मतं काय, फुकटची. दर वेळी ओपानिन तिला धुरी दिलेल्या साल्मनचं एक पुडकंही बांधून देत. पुडक्याचा आणि मतांचा काडीचा संबंध नव्हता, असं ती आजही शपथेवर सांगते.

त्या आठवड्यात मोठं अपग्रेड होतं. शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला केजेटियाचे नियम बदलणार, आणि नऊ दिवसांनी तेच अपग्रेड खऱ्या जाळ्यावर, खऱ्या लोकांच्या खऱ्या पैशांवर चढणार. झ्युरिकहून रेटो नावाचा मुख्य माणूस फोनवर स्पष्ट म्हणाला होता, "पोकुआ, मागच्या वेळी तुमच्याकडे उशीर झाला. या वेळी अडलं तर टेस्टनेट अक्राच्या टीमकडे जाईल. माझ्या हातात काही उरणार नाही."

अक्राकडे! राजधानीकडे! कुमासीच्या माणसाला याहून जिव्हारी लागेल असं काही सांगता येत नाही. पोकुआने मंगळवारी सगळ्यांना ईमेल केला. बुधवारी सकाळी ब्रेम्पाँगने, म्हणजे तिच्या उजव्या हाताने, यादी समोर ठेवली. सगळ्यांनी अपग्रेड घातलं होतं. बंटामाच्या मासळीवाल्याने घातलं नव्हतं.

"उरली चौसष्ट," ब्रेम्पाँग म्हणाला. "सदुसष्ट लागतात."

"मला हिशेब शिकवू नकोस. टॅक्सी बघ."

पोकुआ दुकानात शिरली तेव्हा ओपानिन एका गिऱ्हाइकाला शेपट्या मोजून देत होते.

"ओपानिन, तुमचं अपग्रेड राहिलंय."

"असं?"

"मंगळवारी ईमेल केला होता मी."

"आला ना. विजेचं बिलही त्याच दिवशी आलं." त्यांनी हात पुसले. "बिलावर निदान 'आदरणीय ग्राहक' असं लिहिलं होतं."

"ओपानिन, ते सगळ्यांना एकदम जातं. मशीनच पाठवतं."

"तेच म्हणतोय मी. पोरी, माझ्या घरातले नियम बदलायचेत. त्यासाठी माणूस आला नाही, बाटली आली नाही, कोणी बसलं नाही, कोणी माझं पाणी प्यायलं नाही. मी काय सार्वजनिक नळ आहे, उद्या दुरुस्ती आहे म्हणून चिठ्ठी चिकटवून जायला?"

"पण काम दोन मिनिटांचं आहे हो!"

"माझं लग्नही दोन मिनिटांत लागलं असतं. सासऱ्याने आठ महिने घेतले." आणि ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पोकुआला स्वतःचाच राग आला. ती काही बाहेरून आलेली नव्हती. कुमासीत पोरीला मागणी घालायची असो की शेजाऱ्याचा आंबा छाटायचा असो, कोणाकडे मोठं काम घेऊन जाताना श्नॅप्स दारूची बाटली न्यायची आणि आपलं म्हणणं मांडायला मध्यस्थ न्यायचा, हे तिला शाळेत जाण्याआधीपासून ठाऊक होतं. पण तीन वर्षं स्क्रीनसमोर बसून माणूस विसरतो.

गुरुवारी सकाळी दहाला ती रीतसर गेली. हिरव्या चौकोनी बाटलीचं खोकं बरोबर. मध्यस्थ म्हणून ब्रेम्पाँग. त्याला म्हटलं होतं, शर्ट-पँट चालणार नाही, खांद्यावरून कापड घेऊन ये. त्याच्याकडे कापड नव्हतं. त्याने ऑफिसच्या खालच्या दुकानातून तासाभरासाठी मागून आणलं. त्या दुकानात एकाच कामाचं कापड मिळतं, हे पोकुआच्या लक्षात आलं तेव्हा टॅक्सी बंटामात थांबली होती आणि ब्रेम्पाँग काळ्या-लाल कापडात, पार शोकाकुल, दारात उभा होता.

ओपानिनांनी दोघांना बाकावर बसवलं. पाणी दिलं. दोघं प्यायले. मग ते समोर खुर्चीवर बसले, हातभर अंतरावर, आणि पोकुआकडे न बघता म्हणाले, "ब्रेम्पाँग, आमच्याकडे सगळं शांत आहे. आम्ही इथेच बसलेलो. चालत तुम्ही आलात. बाईंना विचार, येणं का केलंत. आणि हेही विचार, की वारलं कोण?"

ब्रेम्पाँग पोकुआकडे वळला. "ते विचारतात, येणं का केलंत आणि वारलं कोण."

"ऐकू आलं मला!"

"त्या म्हणतात, ऐकू आलं त्यांना," ब्रेम्पाँगने ओपानिनांना कळवलं. एकदा मध्यस्थ झाल्यावर तो कशालाच मागे हटत नव्हता.

"त्यांना सांग, कोणी वारलं नाही. कापडाची चूक झाली. मंगळवारीही चूक झाली, तिचीही माफी मागायला आलोय. ही बाटली घ्या, आणि उद्या दुपारी बाराच्या आत तुमचं 'हो' द्या."

ब्रेम्पाँगने ते सगळं सांगितलं, शिवाय स्वतःच्या पदरची दोन विशेषणं घातली. ओपानिनांनी बाटली प्रकाशात धरली, झाकण तपासलं, मान हलवली. पोकुआच्या जिवात जीव आला. मग ते उठले.

"सांग त्यांना, ऐकलं. आता म्हातारीला विचारून येतो."

ही कुमासीच्या असांते लोकांची जुनी रीत. मोठा निर्णय द्यायचा तर घरातल्या म्हातारीचा सल्ला घ्यायचा, आणि तिच्या शब्दापुढे कोणी जायचं नाही. ओपानिन शीतखोलीचं जाड दार उघडून आत गेले. दोन मिनिटांनी बाहेर आले, तेव्हा भुवयांवर बर्फ जमला होता.

"म्हातारी म्हणते, नाही."

"नाही?"

"नाही. म्हणते, ज्या घराने आधी ईमेल केला, त्याला थोडं ताटकळू दे. पुढच्या आठवड्यात या."

पोकुआ टॅक्सीत बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "त्या खोलीत फक्त गोठवलेल्या कोंबड्या आहेत," ती म्हणाली.

"कदाचित म्हातारी कोंबडी असेल," ब्रेम्पाँग म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

"ब्रेम्पाँग, ओपानिनांना थोरली बहीण आहे ना? बाजारात?"

"एनो आजेइवा? धुरी मासळीच्या ओळीतली? पोकुआ, ती ब्याऐंशी वर्षांची आहे. डोळ्यांनी दिसत नाही तिला."

"कानांनी दिसतं. ड्रायव्हर, केजेटिया. खरं केजेटिया."

एनो आजेइवा म्हणजे त्या ओळीची राणीच. ती मासळीचा वास घेऊन सांगे, की हा मासा कोणत्या नावेतून आला आणि नावाड्याचं त्या दिवशी बायकोशी पटलं होतं की नाही. पोकुआने तिच्यापुढे वाकून सगळी हकिगत सांगितली. एनो ऐकत होती, हातातल्या मासळ्या पालथ्या करत होती. शेवटी हात थांबला. 'ओपानिन' हा बाहेरच्यांनी दिलेला मान; धाकट्या भावाला ती नावानेच हाक मारी.

"क्वाकू म्हणाला, म्हातारीला विचारलं?"

"हो, एनो."

"कुठली म्हातारी? आमची आई जाऊन तीस वर्षं झाली. आत्या नाही, मावशी नाही. आमच्या घरात म्हातारी म्हणजे मी. आणि मला त्याने शेवटचं काही विचारलं ते ईस्टरला, की मीठ कुठेय." तिने काठी हातात घेतली. "टॅक्सी उभी आहे ना?"

दुकानात एनो शिरली तेव्हा ओपानिन खुर्चीवर झोके घेत होते. खुर्ची थांबली.

"क्वाकू."

"अगं, तू? बस ना. पाणी—"

"पाणी नंतर. मी नाही म्हणाले म्हणे?"

ओपानिनांनी कान खाजवला, वजनकाट्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. सत्तर वर्षांचा तो माणूस बघताबघता सात वर्षांचा झाला. "म्हणजे, तू असतीस तर म्हणाली असतीस, असं मला वाटलं."

"मी नसताना माझ्या तोंडात शब्द घालतोस? आणि या पोरीने न विचारता तुझ्यावर नियम लादले म्हणून तू रुसलास?"

ब्रेम्पाँगने हसू लपवायला ते काळं-लाल कापड तोंडावर धरलं. त्याच्याकडे बघून कोणीही म्हणालं असतं, बिचाऱ्याचं फार जवळचं माणूस गेलं.

पोकुआला वाटलं, काम फत्ते. पण एनो बसली, पाणी प्यायली आणि तिच्याकडे वळली. "आता तू सांग. हा नाही म्हणाला तर तुझ्या जाळ्यात काय होतं?"

"शिक्का बसत नाही, एनो. सगळं अडतं."

"आणि अडल्यावर?"

"माहीत नाही. अडून राहायला हवं. आजवर असा मोठा नकार कोणी दिलाच नाही."

"हे खोटं जाळं कशासाठी आहे म्हणालीस? खऱ्यात गोंधळ होऊ नये म्हणून आधी बघायला?"

"हो."

"मग इतकी वर्षं बघितलंत काय? सगळे हो म्हणतात ते?" एनोने काठी फरशीवर आपटली. "म्हातारीचा निर्णय ऐका. उद्या बारापासून तीनपर्यंत क्वाकू नाही म्हणेल. मनापासून. तीन वाजता हो म्हणेल, आणि मग तोंडातून शब्द काढणार नाही. त्या परदेशातल्या माणसाला आधी सांगायचं नाही."

"एनो, ते जाळं अक्राला नेतील!"

"मग निदान काय झालं ते कळून जाईल."

म्हातारीच्या शब्दापुढे जायचं नाही, हे पोकुआनेच तर ओपानिनांना ऐकवायला तिला आणलं होतं. आता बोलणार कोणत्या तोंडाने?

शुक्रवारी बारा वाजले. पोकुआच्या ऑफिसात सहा माणसं स्क्रीनला चिकटली होती. चौसष्ट. फोनवर रेटो.

"पोकुआ, शिक्के बसत नाहीयेत."

"दिसतंय."

"एक जण गप्प आहे. छत्तीस मतं! एकाच माणसाकडे इतकी मतं कशी?"

"मोठी गोष्ट आहे, रेटो. मासळीची."

"अक्राची टीम तयार बसली आहे. एक वाजेपर्यंत बघतो."

साडेबारा झाले. सहा जणांचे पगार, तीन वर्षांची मेहनत, सगळं एका म्हातारीच्या काठीला टांगलेलं. आणि बारा चाळीसला स्क्रीन लखकन हिरवी झाली. शिक्के धडाधड बसायला लागले. शंभरपैकी शंभर!

ऑफिसात जल्लोष झाला. रेटो तिकडून ओरडला, "शाब्बास! वाचलात!" ब्रेम्पाँग टेबलावर चढला. पोकुआ तेवढी हसली नाही. तिने दुसरा फोन कानाला लावला.

"ओपानिन, तुम्ही हो म्हणालात?"

"मी?" तिकडून काहीतरी चावण्याचा आवाज आला. "मी केंके खातोय. तीनला म्हणणार ना हो. माझी बहीण इथे घड्याळाशी कान लावून बसली आहे. मशीनची वायर मी बाराला काढली, ती माझ्या मांडीवर आहे."

"वायर मांडीवर आहे?"

"हो, आणि त्यावर थोडी मिरचीची चटणी सांडली आहे."

पोकुआने स्क्रीनकडे पाहिलं. पानामागून पान, आणि प्रत्येक पानावर ओपानिन न्साफोआंचं नाव, समोर "हो". तिने ब्रेम्पाँगला टेबलावरून खाली ओढलं. दोघांनी मिळून पंधरा मिनिटांत शोधून काढलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोणा शहाण्याने लिहून ठेवलं होतं: एखादा साक्षीदार, म्हणजे मत देणारा, चाळीस मिनिटं गप्प राहिला, तर त्याचं मागचं उत्तर आताचं म्हणून धरावं. ओपानिनांचं मागचं उत्तर "हो" होतं.

तिने ते रेटोला वाचून दाखवलं. ती सांगते, झ्युरिकमधली घड्याळंसुद्धा टिकटिकायची थांबली.

"म्हणजे," रेटो हळूच म्हणाला, "खऱ्या जाळ्यावर कोणी लोकांची मशीनं नुसती बंद पाडली असती, तरी त्यांच्या नावाने वाटेल त्यावर शिक्के बसले असते."

"न विचारता," पोकुआ म्हणाली.

"ही चाचणी तुला सुचली कशी?"

"आमच्याकडे वडीलधारी माणसं आहेत."

रेटोने अपग्रेड थांबवलं. दुरुस्ती मंगळवारपर्यंत येणार. "आणि मंगळवारी पुन्हा हेच करायचं," तो म्हणाला. "पण नाटक नको. तो माणूस आधी सांगितल्यावर नाही म्हणाला तर ती चाचणी नव्हे. खरा नकार पाहिजे, ऐन वेळचा. जाळं नीट अडलं तर केजेटिया कुमासीत राहील, माझा शब्द."

हे ऐकून पोकुआ निर्धास्त घरी गेली. ओपानिन न्साफोआंकडून नकार मिळवायचा म्हणजे काय, माशाकडून वास मिळवण्यासारखंच! पण सोमवारी ती दुकानात गेली तर ओपानिन दारात उभे, इथे आनंदाच्या दिवशी घेतात तशा पांढऱ्याशुभ्र कापडात, आणि अर्धा बंटामा भोवती.

"या, या, पोरी! मशीनने माझ्या नावावर खोटी साक्ष दिली आणि मी ती पकडली, हेच सांगत होतो यांना. झ्युरिकहून पत्र आलंय. 'आदरणीय महोदय' म्हटलंय. बरं, तुमची दुरुस्ती मी सकाळीच घातली. उद्या बाराला माझं हो. परवाही हो. तुम्ही म्हणाल त्याला हो."

पोकुआ मटकन बाकावर बसली.

मंगळवारी साडेअकराला ती पुन्हा तिथे होती. ब्रेम्पाँग ऑफिसात फोन धरून. नाही म्हणा असं सांगायचं नव्हतं. म्हणून तिने दुसरी वाट धरली.

"ओपानिन, तुमच्या जनरेटरचा आवाज जरा घोगरा झालाय का?"

"वय झालं त्याचं. माझंही झालं," ओपानिन प्रेमाने म्हणाले.

"अक्रात म्हणे मासळी जास्त ताजी मिळते."

"समुद्र आहे त्यांच्याकडे. मिळणारच."

"लोक म्हणतात, शुक्रवारी तुम्ही काही पकडलं नाही. नुसते बसून केंके खात होतात."

"खरंच की!" ते खो खो हसले. "छान होतं केंके."

बाराला सहा मिनिटं कमी. पोकुआने आयुष्यात कधी कोणा वडीलधाऱ्याचा इतका अपमान केला नव्हता आणि त्याबद्दल कोणी तिच्याकडे इतक्या गोड नजरेने बघितलंही नव्हतं. तेवढ्यात दारात काठी वाजली. एनो आजेइवा बाजारातून आली होती, दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं.

"क्वाकू! या पोरीला काय हवंय ते मुकाट्याने कर. मागच्या वेळेसारखा पोरकटपणा केलास तर गाठ माझ्याशी आहे. कळलं? मान हलवू नको, तोंडाने बोल. आणि ते कापड नीट घे, फरशीवर लोळतंय, ऐकू येतंय मला."

दुकानात कोणीतरी फिस्कन हसलं. ओपानिनांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग कोळंबीच्या रंगाचा.

"गिऱ्हाइकांसमोर?" ते म्हणाले. "माझ्या दुकानात? मी सत्तर वर्षांचा आहे, आजेइवा!"

"मग सत्तर वर्षांच्यासारखा वाग आणि हो म्हण."

"नाही!"

"क्वाकू!"

"नाही, नाही आणि नाही! तुलाही नाही, हिलाही नाही, झ्युरिकलाही नाही!" ओपानिनांनी फळीवर झेप घेतली. सत्तर वर्षांच्या माणसाने घ्यावी तशी नव्हे. केळीवाल्या बाईच्या मते ते निदान दोन फूट हवेत होते. तिन्ही वायरी एका हिसक्यात निघाल्या, हिरवे दिवे विझले आणि ते शीतखोलीत शिरून आतून दार लावून बसले.

पोकुआने घड्याळ पाहिलं. अकरा अठ्ठावन्न. ती रिकाम्या खोक्यावर टेकली आणि एनोचा हात घट्ट धरला. त्या माउलीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं; ती म्हणत होती, "पोरी, तुझं काम बिघडवलं गं त्याने. मी आलेच नसते तर बरं झालं असतं."

एक वाजता ब्रेम्पाँग फोनवर म्हणाला, "चौसष्ट. अडलंय." दोन वाजता तो म्हणाला, "चौसष्ट. अजून अडलंय, देवा, किती सुंदर अडलंय!" अडीचला रेटो स्वतः बोलला. आवाजात आनंद मावत नव्हता.

"एकही शिक्का नाही, पोकुआ! कोणाच्याही नावाने काही लिहिलं गेलं नाही. केजेटिया तुमचंच. आता तुमच्या त्या साक्षीदाराला सांग, हो म्हणायला. म्हणजे जाळं पुढे सरकेल आणि संध्याकाळपर्यंत आवरू."

पोकुआने शीतखोलीच्या दाराकडे पाहिलं. ओपानिन मधे एकदा कांबळं न्यायला बाहेर आले होते आणि बहिणीकडे न बघता पुन्हा आत गेले होते. एनोने दाराकडे पाठ करून खुर्ची फिरवून घेतली होती.

"रेटो, त्याला जरा वेळ लागेल."

"किती? तासभर?"

"नक्की सांगता यायचं नाही. मागे या भावंडांत एका बोकडावरून अबोला झाला होता," पोकुआ म्हणाली, "तो मिटेपर्यंत देशात दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या."